शंभर माणसांची अट

गावात नवा रस्ता कुठून जाणार, सांडपाणी कुठे सोडायचं, कचऱ्याला जागा कोणती, हे नेमकं ठरतं कुठे? त्याचं उत्तर शोधायला पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यासारखी जागा नाही. पुणे-नगर रस्त्याने कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव, कारेगाव करत घोडनदीला, म्हणजे शिरूर शहराला पोहोचेपर्यंत गाव आणि शहर यांच्यातली सीमा कुठे लागत नाही. कारखाने, गोदामं, कामगारांच्या खोल्यांच्या रांगा, आणि त्यांच्या मागे अजून तग धरून असलेलं बाजरीचं रान. रस्ता सोडून न्हावरे, मांडवगणकडे वळलं की ऊस सुरू होतो. दोन्हीकडे कारभार मात्र एकाच संस्थेचा. तिचं नाव ग्रामपंचायत.

तिचा इतिहास थोडक्यात असा. कायदा १९५८ चा, मुंबई राज्याच्या काळातला. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून तिला घटनेचा आधार मिळाला. सदस्य ७ ते १७. महिलांना २०११ पासून निम्म्या जागा. सरपंच थेट जनतेतून निवडायचा की सदस्यांतून, यावर २०१७, २०२० आणि २०२२ असे तीनदा निर्णय फिरले. हे सगळं पुस्तकात सापडतं. मला गुंतवून ठेवलं ते ग्रामसभेने, आणि तिच्यातही गणपूर्तीच्या नियमाने.

वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा गावोगाव ठरलेल्या आहेत. सात दिवस आधी नोटीस निघते, दवंडी होते, हल्ली व्हॉट्सॲपवर विषयपत्रिकाही फिरते. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक हवेत. मतदार ७०० असोत की १५,०००, शंभर माणसं आली की सभा कायदेशीर. मोठ्या गावात दीडशे मतदारांमागे एक जण पुरतो.

तेवढेही आले नाहीत तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. पुढच्या तारखेला पंधरावीस जण जमले तरी मूळ विषयपत्रिकेवरचे सगळे विषय मंजूर होऊ शकतात. नवा विषय तेवढा घेता येत नाही. सभा अडून गावाचं काम थांबू नये म्हणून केलेली ही सोय आहे आणि हेतू चांगलाच होता. पण न येणाऱ्या माणसाला वाटतं, आपण गेलो नाही म्हणजे निर्णयही झाला नाही. प्रत्यक्षात त्याच्या गैरहजेरीने निर्णय उलट सोपा होतो.

मग काम येतं ग्रामसेवकाकडे. २०२४ पासून पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं, तरी गावाच्या तोंडी ग्रामसेवकच. या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. जन्ममृत्यूच्या नोंदी, घरपट्टी, पाणीपट्टी, दाखले, योजनांचे अर्ज यांच्या ढिगाऱ्यात बसून तो प्रोसिडिंग लिहितो: विषय, ठराव, सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. सभेत तासभर भांडण झालेलं असतं, वहीत चार ओळी उरतात. पुढे निधी, कोर्ट, चौकशी सगळं त्या चार ओळींवर चालतं. म्हणूनच सह्या आधी आणि मजकूर नंतर, ही तक्रार गावोगाव ऐकू येते. विषयपत्रिकेतला शेवटचा विषय हमखास ‘ऐनवेळी येणारे विषय’ असा असतो. तोवर बरीच मंडळी उठून गेलेली असतात. कुणाला ना हरकत, कुठली जागा कशासाठी, असे सर्वांत वजनदार विषय तिथे यायला वाव राहतो. सभेतली ही जागा मला सर्वांत जास्त काळजीची वाटते.

घरांचा प्रश्न त्याहून किचकट. नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा. तो मालकीचा पुरावा नव्हे. तरीही त्याच्या भरवशावर घरं घेतली-विकली गेली. गावठाणाची मोजणी ड्रोनने करून मिळकत पत्रिका देण्याचा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात, पुरंदरमधल्या सोनोरीत झाला आणि २०२० मध्ये त्याची स्वामित्व योजना झाली, पुढे ती देशभर गेली. गावठाणाच्या आतला गोंधळ त्याने कमी होईल. पण वाढ झाली ती गावठाणाबाहेर, गुंठ्यागुंठ्याने. सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडांवरच्या घरांसाठी नगररचना विभागाचे हेलपाटे संपवल्याचं जाहीर केलं. शिरूर आणि शेजारच्या दौंड तालुक्याचा जो भाग २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात (पीएमआरडीए) आहे, तिथे मात्र परवानगी प्राधिकरणाची. त्याचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये आला, हजारो हरकती आल्या, सुनावण्या झाल्या आणि २०२५ मध्ये सरकारने तो रद्दच केला. या काळात खोल्या बांधायच्या थांबल्या नाहीत. त्यांना पाणी, गटार, दिवाबत्ती पुरवायची जबाबदारी ग्रामपंचायतीकडेच राहिली. कुठे बांधायचं हे एकाने ठरवायचं आणि निस्तरायचं दुसऱ्याने, हे अन्यायाचं आहे.

पैशाचंही तेच. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) निधीला लोकसंख्येचा आधार २०११ च्या जनगणनेचा होता. त्यानंतर खोल्यांमध्ये राहायला आलेला कामगार त्या आकड्यात नाही, त्याचं नाव गावच्या मतदारयादीतही बहुधा नसतं. त्याचा कचरा गावचा, पाणी गावचं, पण ग्रामसभेत त्याला आवाज नाही. त्या निधीतले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेले होते. रस्ता, शाळा, अंगणवाडी यांची ओढाताण उरलेल्या ४० टक्क्यांत होती.

अतिक्रमण हटवायचे अधिकार त्याच १९५८ च्या कायद्याच्या कलम ५३ ने पंचायतीला आहेत, पण हात उचलायचा कुणी? कलम १४ (१) (ज-३) प्रमाणे सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा सदस्य अपात्र ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मूळ अतिक्रमण करणाऱ्यापुरता हा नियम धरला होता. २०१८ मध्ये कुटुंबीयांनी केलेलं आणि सदस्य वापरत असलेलं अतिक्रमणही त्यात आणलं. निकाल योग्यच होता. पण आता निवडणूक झाली की विरोधक आधी हरलेल्या वॉर्डातल्या जागांची मोजणी मागतात. गायरान मोकळं व्हावं यापेक्षा सदस्य घरी बसावा, यासाठी तक्रारी होऊ लागल्या आहेत. खुर्ची रिकामी होते, गायरान तसंच राहतं.

कायदे बदलायला मुंबईत वेळ लागेल. प्राधिकरणाने गावाचा नवा आराखडा करताना तो आधी त्या त्या ग्रामसभेपुढे भिंतीवर लावून, शेताच्या गटनंबरासकट वाचून दाखवावा, एवढी मागणी ठरावाने करायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. प्राधिकरणात असलेल्या शिरूर-दौंडच्या प्रत्येक गावाने ती करावी. आणि पुढची दवंडी कानावर आली की पहिल्याच तारखेला जा. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा पहिला विषय असतो. ते पूर्ण वाचायला लावा. वाचल्याशिवाय सही करू नका, आणि ऐनवेळचे विषय संपेपर्यंत उठू नका.