नव्या गाडीचा वास : झाकावा की घालवावा?

नवी वस्तू घरात आली की तिच्यासंगे तिचा वासही येतो. कोऱ्या कापडाचा, कोऱ्या वहीचा, नुकत्याच पॉलिश केलेल्या खुर्चीचा वास आपणांस प्रिय वाटतो. आम्ही व्यापारी मंडळी तर गिऱ्हाइकापुढे माल उघडताना या वासाच्या बळावर अर्धा सौदा जिंकत आलो आहोत. परंतु हाच वास एखाद्या लहानशा बंद पेटीत साठून राहिला आणि त्या पेटीत माणसे झोपू लागली, म्हणजे त्याचा विचार निराळ्या रीतीने करणे भाग पडते.

अशी पेटी म्हणजे कॅम्पर, अर्थात चाकांवरचे फिरते घर. आपल्याकडेही आता ही वाहने दिसू लागली आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही स्वीकारले. आमच्या कुटुंबाने हौसेने एक गाडी अशी बांधून घेतली. आत प्लायची कपाटे, फोमच्या गाद्या, रेक्झिनची आसने, खाली व्हिनाइलची फरशी. पहिल्याच प्रवासाला आम्ही बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात उतरलो. रात्री पावसाची झड लागली म्हणून सर्व खिडक्या लावून घेतल्या. पहाटे सर्वांचेच डोळे चुरचुरू लागले, घसे खवखवू लागले. आणि आमच्या नातीला, जिला मुळातच दम्याची व्यथा, खोकल्याची ढास लागली. तिला छत्रीखाली बाहेर घेऊन बसलो, तेव्हा तासाभराने तिचा श्वास ठिकाणावर आला.

परतल्यावर गाडी बांधणाऱ्यास विचारले. तो म्हणाला, "नव्या मालाचा वास आहे, आत अत्तराची कुपी लावा." आम्ही ती लावली. वास झाकला गेला. खोकला झाकला गेला नाही. तेव्हा कुठे या प्रश्नाच्या मुळाशी जाण्याची बुद्धी आम्हांस झाली.

हा वास एका पदार्थाचा नसतो. रंग, थिनर आणि सनमाईका चिकटवण्याचे सोल्युशन यांतील द्रव लवकर उडून जातात. काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत त्यांचा जोर ओसरतो. खरा चिवट शत्रू आहे तो फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू. स्वस्त प्लाय, पार्टिकल बोर्ड व एमडीएफ यांचे थर वा भुसा ज्या युरिया-फॉर्माल्डिहाइड गोंदाने जोडतात, तो गोंद उष्णतेने व दमटपणाने हळूहळू सुटत जातो आणि महिनोन् महिने हा वायू बाहेर टाकीत राहतो. घराच्या मोठ्या दालनात तो विरून जातो. कॅम्परमध्ये लाकूडकाम फार आणि हवा थोडी, म्हणून तो साचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली याची गणना मनुष्यास कर्करोग करणाऱ्या द्रव्यांत केली.

या दुर्लक्षाची केवढी किंमत मोजावी लागते, हे अमेरिकेने अनुभवले आहे. २००५ च्या ऑगस्टमध्ये कॅटरिना चक्रीवादळाने दक्षिणेकडील किनारा उद्ध्वस्त केला. तेव्हा तेथील शासनाने एक लाखाहून अधिक बेघर कुटुंबांना ट्रेलर व फिरती घरे राहावयास दिली. सहलीच्या चार दिवसांसाठी बांधलेल्या ट्रेलरांत लोक वर्ष-वर्ष राहिले. डोळ्यांची जळजळ, नाकातून रक्त, श्वासाचे विकार अशा तक्रारी येऊ लागल्या. अखेर २००७ चा डिसेंबर व २००८ चा जानेवारी या काळात शासकीय आरोग्य केंद्राने ५१९ घरांतील हवा तपासली. फॉर्माल्डिहाइडचे सरासरी प्रमाण हवेच्या एक अब्ज भागांत ७७ भाग निघाले. एका ठिकाणी ते ५९० पर्यंत चढले होते. ही तपासणी हिवाळ्यातील होती, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. उन्हाळा येण्यापूर्वी रहिवाशांना अन्यत्र हलवावे, असा सल्ला त्या केंद्राने दिला. पुढे २०१० साली तेथे कायदा होऊन प्लाय, पार्टिकल बोर्ड व एमडीएफ या तिन्हींतून किती वायू सुटावा याची मर्यादा ठरली.

आता उपाय. पहिले सूत्र असे की, आतला वायू बाहेर घालवल्यावाचून गत्यंतर नाही. गाद्या, उशा, पडदे प्रथम बाहेर काढून सावलीत, वाऱ्यावर ठेवावेत. कारण फोम व कापड हा वायू शोषून घेतात आणि मागाहून परत सोडतात. मग कोरड्या दिवसात गाडी उन्हात बंद ठेवून तापू द्यावी. त्या वेळी आत कोणी बसू नये. आतील वायू जोराने सुटला की दारे-खिडक्या, कपाटांची दारे व खण सताड उघडावेत. एका बाजूच्या पंख्याने हवा आत घ्यावी, दुसऱ्या बाजूच्या वा छतावरील पंख्याने बाहेर फेकावी. तापवणे आणि उघडणे ही जोडी आहे. नुसते तापवून दार बंद ठेवले तर उलट अपायच. हा क्रम आम्ही चैत्र-वैशाखात पाच आठवडे चालवला. पावसाळ्यात दमट हवेमुळे वायू अधिक सुटतो आणि खिडक्या मात्र बंद राहतात. म्हणून नवी गाडी पावसाच्या तोंडावर वापरात आणू नये.

दुसरे, प्लायच्या उघड्या कडा, खणांच्या तळाकडील बाजू, स्क्रूची भोके यांवर चपड्याचा वा चांगल्या लॅकरचा हात द्यावा. वायू तेथूनच अधिक निसटतो. लेप सुकेपर्यंत त्याचाही वास घालवावा लागतो, हे विसरू नये.

काही उपायांवर मात्र भिस्त ठेवू नये. लाकडी कोळसा थोडाफार वास शोषतो, पण फॉर्माल्डिहाइडवर त्याचा विशेष इलाज चालत नाही. कुंड्या ठेवण्याची कल्पना अमेरिकेतील नासाच्या १९८९ च्या प्रयोगांमुळे फैलावली; ते प्रयोग बंद पेट्यांत झाले होते. २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचा आढावा घेणाऱ्या संशोधकांना आढळले की, खिडकीतून होते तेवढी हवाशुद्धी झाडांकडून व्हावयाची तर जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील! ओझोन सोडणारी यंत्रे तर फुप्फुसांना स्वतःच अपायकारक आहेत. आणि नाकावरही फार विसंबू नये. काही मिनिटांत ते वासाला सरावते. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी बाहेरच्या हवेतून आत शिरावे. तो पहिला श्वास खरा साक्षीदार.

शेवटी आपल्या पेशाविषयी दोन शब्द. चहाच्या पेटीशेजारी हिंग ठेवू नये, हे आपल्या वाडवडिलांनी आपणांस दुकानाच्या पायरीवरच शिकवले. वास हा मालाचाच भाग आहे, हे ते जाणत होते. आज आपल्या सभासदांत प्लायचे, फर्निचरचे, गाद्यांचे व्यापारी आहेत. गिऱ्हाईक बंद खोलीसाठी किंवा गाडीसाठी माल नेत असेल, तर एमआर दर्जाचा प्लाय आणि फिनॉलिक गोंदाचा बीडब्ल्यूआर प्लाय यांतील भेद त्यास आपण होऊन सांगावा. दुसऱ्यातून हा वायू पुष्कळच कमी सुटतो. ई-१ वा त्याहून उत्तम दर्जा असल्यास तो बिलावर लिहावा. तयार वस्तू काही दिवस मोकळ्या हवेत ठेवून मगच पोचती करावी. यात थोडा पैसा अडकतो, हे आम्ही जाणतो.

आमची नात यंदा पुन्हा त्याच गाडीतून गोव्यास आली. रात्रभर तिला गाढ झोप लागली. खिडकी मात्र आम्ही चार बोटे उघडी ठेवली होती.