भाताच्या शेतातले चित्रकार : कै. जिव्या सोमा म्हसे



आपल्या पत्रिकेत माझ्या नावावर एरवी बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त असेच लेख येतात. या खेपेस ज्या शेतकऱ्याविषयी लिहितो आहे त्यांच्या शेतात ऊस नव्हता. ते भातवाले. पण त्यांची चाकोरी वाचताना पुष्कळांना आपल्याच घरातील एखादा वडीलधारा आठवेल, म्हणून ही जागा घेतली आहे.

माझे गाव कुंभवली, पालघर तालुक्यातले, बोईसरला लागून. तिथून रेल्वेने उत्तरेकडे गेले की वाणगाव आणि मग डहाणू रोड. डहाणूच्या पूर्वेला आत गंजाड गाव आहे आणि त्याचा एक पाडा कळंबीपाडा. जिव्या सोमा म्हसे यांचे आयुष्य याच पाड्यावर गेले. जन्म १९३४ चा, तलासरी तालुक्यातील धामणगावचा. जात वारली, आणि घरची परिस्थिती त्या काळात वारल्याची असायची तीच. जमीन दुसऱ्याची आणि राबणे आपले.

ते सात वर्षांचे असताना आई गेली. त्या धक्क्याने पोराची वाचाच बसली. बोलणे बंद झाले, तेव्हा जे सांगायचे ते धुळीत बोटाने रेघा काढून सांगू लागले. पुढे बोलणे परत आले, पण मुळात माणूस अबोल. हाताने मात्र जन्मभर बोलत राहिले.

इथे वारल्यांच्या घराविषयी थोडे सांगितले पाहिजे. कुडाची भिंत, तिच्यावर शेणमातीचा सारवा, वरून गेरू. घरात लग्न निघाले की सवासिनी तांदळाच्या पिठाने त्या भिंतीवर चौक लिहितात. 'लिहितात' हाच तिकडचा शब्द. चौकात पालघट देवी असते. ब्रश नसतो, बांबूची काडी टोकाला चावून मऊ करायची. हे काम बायकांचे, आणि तेही लग्नकार्यापुरते. पुरुषाने रोज उठून चित्र काढत बसावे ही रीत नव्हती. जिव्या म्हसे यांनी तेच केले. लोक काय म्हणाले असतील याची कल्पना कोणत्याही खेडेगावात राहिलेल्या माणसाला येईल.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार या भागात आले. पुपुल जयकर यांनी त्यांना पाठवले होते. त्याआधी बिहारात मधुबनीच्या बायकांना कागदावर चित्रे काढायला लावण्याचे काम त्यांनी केले होते. इथे त्यांना म्हसे भेटले. भिंतीवरचे चित्र कागदावर आणि कापडावर आले. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत प्रदर्शन झाले आणि १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आता चित्रांत काय असते ते पाहा. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, त्याला काडीसारखे हातपाय. एवढ्यावर सगळे जग उभे. तारपा वाजवणारा मध्ये आणि त्याच्याभोवती वेटोळ्याने नाचणारी माणसे. खळ्यात मेढीभोवती फिरणारे बैल. मुंग्यांचे वारूळ, झाडावर चढणारा माणूस. त्यांचे मासे धरण्याचे जाळे तर प्रसिद्धच आहे. जाळ्याचा एकेक डोळा बारीक रेघेने विणत आणलेला, इतका की पाहणाऱ्याला जाळे हलल्यासारखे वाटते. माणसे, पाखरे, किडामुंगी, सगळे रात्रंदिवस हलत असते, अशा अर्थाचे ते सांगत असत.

मला स्वतःला त्यांची भातशेतीची चित्रे जास्त आवडतात, कारण ती शेतकऱ्याने काढलेली आहेत हे लगेच कळते. आमच्याकडे आधी राब भाजतात. वाफ्यावर शेण, पालापाचोळा, फांद्या, गवत थराने पसरून पेटवायचे आणि त्या राखेत पावसाच्या तोंडावर भात पेरायचे. तण मरते, रोप जोमाचे येते. (उसाचे पाचट जाळू नका म्हणून मी गावोगाव सांगत फिरतो आणि माझ्याच गावी राब भाजतात, हे काही सभासद मला ऐकवतीलच. राबाचा वाफा चार हाताचा असतो, आपला पाचटाचा वणवा एकरांनी मोजावा लागतो. असो.) मग आषाढात रोपे काढून चिखलात आवणी. कमरेत वाकून दिवसभर एकेक रोप रोवायचे. ज्याने ती आवणी केली आहे त्यालाच कापडावर तशाच हजारो बारीक रेघा न कंटाळता ओढता येतील, असे मला वाटते. ही केवळ हातातली कला नव्हे, कंबरेला पडलेली सवय आहे.

ती चित्रे पुढे लांब गेली. १९८९ साली पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रात जगभरच्या कलावंतांच्या मोठ्या प्रदर्शनात ती लागली. जपानात गेली. २००३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताबरोबर त्यांचे प्रदर्शन झाले. २००९ साली नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाऊस पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री. एवढे होऊनही मुक्काम कळंबीपाड्यावरच. मुंबईत बिऱ्हाड केले नाही.

खरी गोष्ट पुढेच आहे. राष्ट्रीय पुरस्काराच्या काळात त्यांना जमीन देण्याचे सरकारकडून कबूल झाले होते. त्या माणसाला हवी होती तीही जमीनच. पण ती प्रत्यक्ष मिळायला तीस वर्षांहून अधिक काळ गेला. मोजणी, फेरफार, सातबारा या पायऱ्या आपण सगळेच चढलो आहोत, तेव्हा जास्त सांगत नाही. चित्र पॅरिसला १९८९ साली पोचले आणि जमीन त्यानंतर कितीतरी वर्षांनी हाती आली, एवढे ध्यानात घ्यावे. पंचेचाळिशीच्या आत मिळाली असती तर त्या जमिनीवर ते स्वतः उभे राहून राबले असते. ती आली तेव्हा वय पंचाहत्तरीकडे झुकले होते.

हे मला अधिक लागते त्याला कारण आहे. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, मागोमाग औद्योगिक वसाहत आली. कुंभवली आणि आसपासच्या गावांची भातखाचरे तिच्यात गेली. नंतर अणुकेंद्राच्या वाढीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. नोकऱ्या आल्या, पक्की घरे झाली, हे नाकारत नाही. पण ज्या भागात शेतकरी जमीन सोडून पाळीच्या भोंग्यावर जाऊ लागला, त्याच भागात थोड्या स्टेशनांच्या अंतरावर एक माणूस नाव मिळाल्यावरही जमिनीचीच वाट पाहत बसला होता.

घरच्यांना त्यांनी काय दिले? सदाशिव आणि बाळू हे दोन्ही मुलगे चित्रकार झाले. शिकवणी वगैरे काही नाही. बाप ओटीवर बसून रेघा ओढतो आहे हे रोज पाहून मुलांचे हात वळले. आज डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड भागात कितीतरी घरे वारली चित्रांवर चार पैसे मिळवतात आणि पुरुषही उघडपणे काडी हातात धरतात.

१५ मे २०१८ रोजी ते गेले, वयाच्या ८४ व्या वर्षाच्या सुमारास. मे मध्यावर आमच्याकडे राब भाजून झालेले असतात आणि माणसे पावसाकडे डोळे लावून असतात.

कोणा सभासदास मुंबईच्या फेरीत गंजाडला जाण्याची इच्छा झाली तर डहाणू रोडला उतरावे, पुढे रस्ता चांगला आहे. मात्र आवणीच्या दिवसांत जाऊ नये. त्या वेळी घरात कोणी सापडत नाही, सगळी माणसे खाचरात असतात.

— ऊस विकास अधिकारी