बंबाचें पाणी जेथें चालत नाहीं

आगीचा बंब म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रथम पाणी उभें राहतें. घंटा वाजवीत तांबडी गाडी येते, माणसें पटापट खालीं उतरतात, नळ्या उलगडतात आणि पाण्याचा लोट ज्वाळांवर कोसळूं लागतो. या धंद्याचें बहुतेक सारें शिक्षण पाणी या एका मित्राभोवतीं उभारलेलें आहे. परंतु रसायनांच्या कारखान्यांनीं आणि त्यांचा माल वाहणाऱ्या टाक्यांनीं या जवानांपुढें असा एक शत्रु आणून उभा केला आहे, कीं ज्याच्यावर बेताबाताचें पाणी मारणें म्हणजे त्याच्याच हातांत शस्त्र देणें होय. आज त्याच्याविषयीं चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

अमेरिकेंत बॉस्टन शहराला लागून सॉमरव्हिल नांवाचें गांव आहे. १९८० सालच्या एप्रिल महिन्याच्या ३ तारखेस सकाळीं तेथील रेल्वेच्या यार्डांत वाघिणी जोडण्या-सोडण्याचें काम चाललें असतां एका एंजिनाची धडक टाकीच्या एका वाघिणीस बसली आणि तिला भोंक पडलें. टाकींत फॉस्फरस ट्रायक्लोराइड होतें. हा द्रव दिसावयास पाण्यासारखाच निर्मळ. औषधें, कीटकनाशकें वगैरे तयार करण्याच्या कामीं तो लागतो. भोंकांतून तो भळभळां वाहूं लागला आणि हवेंतील ओलाव्याशीं गांठ पडतांच त्यांतून पांढरे लोट निघूं लागले. बंब आला, आणि जें जन्मभर केलें होतें तेंच जवानांनीं येथेंही केलें. त्यांनीं पाणी सोडलें. पाहतात तों ढग विरण्याऐवजीं अधिकच फुगला, आणि वाऱ्याबरोबर वस्तीकडे निघाला. हजारों लोकांना नेसत्या वस्त्रांनिशीं घरें सोडावीं लागलीं, व ३०० हून अधिक माणसांना उपचार घ्यावे लागले.

असें कां व्हावें? या द्रवाचा आणि पाण्याचा संयोग झाला म्हणजे दोन आम्लें निर्माण होतात. एक फॉस्फरसचें, तें जाग्यावरच राहतें. दुसरें हायड्रोक्लोरिक आम्ल. तें वायुरूपानें उडून जातें. हिशेबच करावयाचा तर एक किलो द्रवापासून सुमारें ८०० ग्रॅम हा आम्लवायु निघूं शकतो. म्हणजे लिटरभर द्रव पुरता खर्ची पडला तर त्यापासून आठशें लिटरांहून अधिक वायु होईल. येथें एखादा चौकस श्रोता विचारील, कीं हा वायु तर पाण्यांत अधाशासारखा विरघळतो. मग पाणी घातल्यानें तो वाढेल कसा? शंका रास्त आहे. पाणी अफाट असेल आणि द्रव थोडा असेल, तर वायु खरोखरच पाण्यांत जिरून जाईल. पण येथें पाणी थोडें आणि डबकें मोठें, असा उलटा प्रकार असतो. संयोगाबरोबर उष्णता विलक्षण निघते. ती शोषून घेण्याइतकें पाणी नसतें. आणि मूळचा द्रव ७६ अंशांवरच उकळणारा असल्यामुळें तोही वाफ होऊन वर येतो. शिवाय तो पाण्यापेक्षां दीडपट जड आहे. वरून ओतलेल्या पाण्याखालीं तो बसून राहतो आणि तळाशीं धुमसत असतो.

शाळेंत रसायनाच्या तासाला मास्तर एक नियम घोकून घेत असत: आम्ल पाण्यांत ओतावें, पाणी आम्लांत ओतूं नये. परीक्षेपुरतें पाठ केलेलें हें वाक्य बंबवाल्यांच्या बाबतींत जीवनमरणाचा प्रश्न होऊन बसतें. नळी हातांत धरून डबक्यावर पाणी सोडणारा जवान नेमकें पाणी आम्लांत ओतीत असतो.

सॉमरव्हिलच्या जवानांना दोष देणें सोपें आहे. मला तसें करवत नाहीं. समोर धूर दिसत असतां हात आवरून उभें राहणें हें पाणी मारण्याहून कितीतरी अवघड आहे, आणि जमलेली गर्दी तर हात आवरणाऱ्याला भित्राच ठरवीत असते. अखेर तेथें काय केलें? विमानतळावरचें बर्फ उडविणारें यंत्र आणून त्याच्या साह्यानें कोरडा सोडा डबक्यावर फेकला. धुण्याच्या सोड्याचाच हा निर्जल प्रकार. आम्ल मारण्यास क्षार, ही युक्ति जुनीच. पण ढगाच्या जवळ न जातां तो टनांवारी फेकावा कसा, ही अडचण हिमप्रदेशांतील एका साध्या यंत्रानें सोडविली.

आपल्या देशांतील दाखला याहून दुःखद आहे. १९८५ सालच्या डिसेंबरच्या ४ तारखेस दिल्लींत श्रीराम कंपनीच्या कारखान्यांत ओलियमची एक टाकी, तिच्या खालचा सांगाडा कोसळल्यामुळें, फुटली. ओलियम म्हणजे धूमायमान गंधकाम्ल. गंधकाम्लांत सल्फर ट्रायऑक्साइड भरपूर मुरवून ठेवलेलें असतें, आणि झांकण उघडतांच तें हवेंतील ओलाव्याशीं मिळून गंधकाम्लाचें दाट धुकें बनतें. हें धुकें वायु नव्हे, अत्यंत सूक्ष्म थेंबांचा समुदाय होय. म्हणून तें पाण्याच्या फवाऱ्यालाही सहजासहजीं दाद देत नाहीं. त्या दिवशीं तें शहरांत पसरलें, आणि तीस हजारी न्यायालयांत वकिली करणारे एक गृहस्थ त्यामुळें दगावले. भोपाळच्या घटनेस नुकतें एक वर्ष झालें होतें, तेव्हां लोकांची काय स्थिति झाली असेल याची कल्पना करावी. १९८६ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें या प्रकरणीं असें ठरविलें, कीं जो अतिधोक्याचा धंदा चालवितो त्याची अपघाताच्या नुकसानीची जबाबदारी निरपवाद असते. आपण सर्व काळजी घेतली होती, ही सबब त्याला चालत नाहीं.

तर मग आजचा शहाणा अग्निशामक काय करतो? तो प्रथम थांबतो. वारा ज्या दिशेकडून येत असेल त्या बाजूनें आणि उंचावरून तो जवळ येतो, व दुर्बिणींतून टाकीवरची पाटी वाचतो. आपल्याकडील रस्त्यांवर धावणाऱ्या अशा टँकरांच्या पाठीवर व बगलेला ही पाटी असते; आपण ती पुष्कळदां पाहिली असेल, पण वाचली नसेल. तींत मालाचा चार आंकडी क्रमांक असतो. ओलियमचा क्रमांक १८३१, फॉस्फरस ट्रायक्लोराइडचा १८०९. त्याच पाटीवर एक लहानसा संकेतही असतो. त्याचा पहिला आंकडा १ किंवा २ असला तर पाण्याचा फवारा चालेल. ३ असला तर फेस. आणि ४ असला तर कोरडा पदार्थच वापरावा, असा त्याचा अर्थ. शेवटीं इंग्रजी ई हें अक्षर असेल तर भोंवतालची वस्ती हलविण्याचा विचार करावयाचा. एवढ्या दोन खुणा वेळेवर वाचल्या गेल्या तर पुष्कळ अनर्थ टळेल.

मग अंगभर वायुरोधक पोशाख चढवून, पाठीवर हवेचें नळकांडें घेऊन दोघे आंत जातात, व तशाच पोशाखांत आणखी दोघे बाहेर सज्ज राहतात. आंतल्यांना काय करावयाचें असतें? झडप बंद करणें, भोंकांत पाचर ठोकणें, गळती थांबत नसेल तर खालीं भांडें धरणें. कामें अगदीं घरगुती आहेत. पण त्या पोशाखांत घामाच्या धारा लागतात, कानाला नीट ऐकूं येत नाहीं, आणि हवा अर्ध्यापाऊण तासाचीच असते. जाण्यायेण्याचा वेळ वजा जातां हातीं उरतीं तीं थोडीं मिनिटें. सांडलेला द्रव पसरूं नये म्हणून कोरड्या वाळूचे बांध घालतात. वाळू कोरडीच हवी. ओली वाळू म्हणजे पुन्हां पाणीच. द्रव गटारांत शिरूं देत नाहींत, कारण तेथें पाणी त्याची वाटच पाहत असतें, आणि लोखंडाशीं आम्लाची गांठ पडली कीं हायड्रोजनसारखा स्फोटक वायु निघतो. पाणी अगदीं वर्ज्य मात्र नाहीं. डबक्यापासून दूर, ढगाच्या वाटेवर, बारीक तुषारांचा पडदा उभा करतात. त्यांत हायड्रोक्लोरिक वायु पुष्कळ अंशीं धुवून निघतो. तेंच पाणी, पण जागा बदलली कीं शत्रूचें मित्र होतें.

मुंबईकरांना २०१० सालच्या जुलैची १४ तारीख आठवत असेल. शिवडीस बंदराच्या आवारांत वर्षानुवर्षें पडून राहिलेल्या क्लोरीनच्या नळकांड्यांपैकीं एक गळूं लागलें, आणि शंभराच्या आसपास माणसांना रुग्णालय गांठावें लागलें. त्यांत अग्निशामक दलाचे जवानही होते. क्लोरीन हवेपेक्षां अडीचपट जड. तो जमिनीलगत सरपटत जातो व खोलगट जागीं सांचतो. त्याच्याही बाबतींत गळतीच्या भोंकावर पाणी मारणें घातक, कारण ओला क्लोरीन पोलाद खातो आणि भोंक मोठें होत जातें. जाणता मनुष्य येथें एक लहानशी युक्ति करतो: नळकांडें असें फिरवितो कीं भोंक वरच्या अंगास येईल. मग आंतून द्रवाऐवजीं वायुच बाहेर पडतो. आणि एका माप द्रवाचा साडेचारशें मापांहून अधिक वायु होत असल्यामुळें, एवढ्यानेंच संकट कितीतरी पटींनीं उणावतें.

गृहिणींना वाटेल, या कारखान्यांच्या गोष्टींशीं आमचा काय संबंध? संबंध न्हाणीघरापर्यंत येऊन पोंचला आहे. शौचकूप धुण्याच्या बहुतेक आम्लांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतें, आणि कपडे शुभ्र करण्याच्या द्रवांत किंवा ब्लीचिंग पावडरींत क्लोरीन बांधलेला असतो. दोन्ही एकदम वापरलीं म्हणजे अधिक स्वच्छता होईल अशा समजुतीनें कोणी तीं एकत्र ओतलीं, तर बंद खोलींत तोच शिवडीचा वायु मोकळा होतो. अशा वेळीं वर आणखी कांहींही न ओततां बाहेर पडावें, दार लोटून घ्यावें व घराच्या खिडक्या उघडाव्या. उलट ढग बाहेरून येत असेल आणि अधिकाऱ्यांनीं घर सोडण्यास सांगितलें नसेल, तर खिडक्या बंद करून फटींना ओलीं फडकीं लावावीं.

अंगावर आम्ल उडाल्यास मात्र वरचें सारें विसरावें. डबक्यावर पाणी नको. माणसावर हवें, आणि तें भरपूर हवें. कपडे लगेच उतरवून वाहत्या पाण्याखालीं निदान पंधरावीस मिनिटें अंग धुवावें, डोळे उघडे धरून धुवावे. सोडा किंवा चुना चोळण्याच्या भरीस पडूं नये. जवानही हेंच करतात. गळती बंद करून बाहेर आलेल्या दोघांना आधीं पोशाखासकट, मुखवट्यासकट तुषारांखालीं उभें करतात. नळकांड्यांतली हवा संपत आलेली असते, पण अंगावरून ओघळणारें पाणी आम्लमुक्त झालें असा निर्वाळा मिळेपर्यंत कोणी मुखवट्याला हात लावीत नाहीं. तें पाणीसुद्धां गटारांत सोडीत नाहींत. पिंपांत भरून वेगळें नेतात.