फोटो वाचणाऱ्या यंत्राचीही परीक्षा हवी

ऊसतोडीचा हंगाम आटोपून कोयता खाली ठेवला, की आपल्या धाराशिव जिल्ह्यातील भूम, परंडा, वाशी, कळंब भागांतली माणसे गावाकडे परततात. एखाद्या घरात कोणीतरी खोकत असते. "पाचटाची धूळ गेली असेल छातीत, बसेल आपोआप," असे म्हणून दिवस ढकलले जातात. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारे वजन ही क्षयाची लक्षणे आहेत, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण दवाखान्यात गेले की मजुरी बुडते आणि डोक्यावर मुकादमाची उचल असते.

अशा माणसापर्यंत आता तपासणीच चालून येऊ लागली आहे. ७ डिसेंबर २०२४ रोजी देशातील ३४७ जिल्ह्यांत क्षयरोगाविरुद्ध शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली. तीत हातात नेता येईल एवढे एक्स-रे यंत्र आणि छातीचा फोटो वाचणारी संगणकाची कृत्रिम बुद्धिमत्ता वापरली गेली. या संगणकाला आधी हजारो फोटो दाखवून 'हा क्षयाचा, हा निरोगी' असे शिकवलेले असते. मग तो नव्या फोटोला गुण देतो. ठरवलेल्या गुणांच्या वर गेलेल्या माणसाला संशयित समजून बेडक्याच्या तपासणीला पाठवतात.

आम्ही या यंत्राच्या विरोधात नाही. एक्स-रे वाचणारा तज्ज्ञ खेड्यापाड्यांत कुठून आणायचा? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षे व त्यावरील लोकांसाठी अशा यंत्रांची शिफारस केली. त्याच वर्षी बांगलादेशातील ढाका येथील सुमारे २४ हजार फोटोंवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पाच यंत्रे एक्स-रे तज्ज्ञांपेक्षा सरस ठरली. मात्र म्हातारी माणसे आणि पूर्वी क्षय होऊन गेलेले लोक यांच्या बाबतीत तीच यंत्रे कमी पडली. बरा झालेला क्षय फुप्फुसावर व्रण ठेवून जातो आणि यंत्र त्यालाच आजार समजू शकते. ज्या वस्तीत क्षय होऊन गेलेली माणसे बरीच आहेत, तिथे हा मुद्दा लहान नाही.

आता हिशेब करून पाहू. क्षयाच्या प्राथमिक चाळणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची किमान अपेक्षा अशी, की शंभर रुग्णांपैकी ९० सापडावेत आणि शंभर निरोगी माणसांपैकी ७० जणांना 'निरोगी' म्हणून सोडता यावे. समजा, गावात १,००० माणसे तपासली आणि त्यांत १० रुग्ण आहेत. यंत्र ९ जणांना पकडेल. पण ९९० निरोगी लोकांपैकी २९७ जणांनाही 'संशयित' म्हणेल. म्हणजे ३०६ माणसांचा बेडका तपासावा लागेल. आणि राहिलेला एक रुग्ण? तो "मला काही नाही" म्हणत घरी जाईल, लेकराबाळांत झोपेल.

गुणांची मर्यादा खाली आणली, तर रुग्ण कमी निसटतात पण तपासण्या वाढतात. वर नेली, तर उलटे होते. म्हणून ही मर्यादा त्या त्या भागातल्या लोकांवर तपासून ठरवावी लागते. दुसऱ्या देशातल्या फोटोंवर पास झालेले यंत्र आपल्या माणसांच्या छातीवरही पास होईलच, असे गृहीत धरता येत नाही.

परीक्षा न घेता विश्वास ठेवला तर काय होते, ते अमेरिकेत दिसले. तिथल्या रुग्णालयांत जादा मदत कोणाला द्यावी, हे एक संगणक-प्रणाली ठरवत होती. ती आजार मोजण्यासाठी रुग्णावर झालेला खर्च पाहायची. काळ्या लोकांवर मुळात खर्चच कमी होत असल्याने ते तिला कमी आजारी वाटले! २०१९ मध्ये संशोधकांनी ही चूक उघड केली. ती सुधारली असती, तर मदतीसाठी निवडलेल्यांत काळ्या रुग्णांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेले असते. प्रणालीला कोणाचा रंग सांगितलेला नव्हता, तरी जुना अन्याय आकड्यांच्या वाटेने आत शिरला. जी बाई पैशाअभावी दवाखान्याची पायरीच चढली नाही, तिचे दुखणे कागदावर येणार कसे? हे आपल्या लोकांना वेगळे समजावून सांगायला नको.

उलट परीक्षा नीट झाली, तर गरिबाचे भले होते. क्षयाच्या रुग्णाला आरोग्यधामातच ठेवले पाहिजे, असा पूर्वी समज होता. मद्रासच्या केंद्रात गरीब कुटुंबांतल्या रुग्णांवर घरी उपचार करून तुलना झाली. घरचा उपचारही जवळपास तितकाच गुणकारी असल्याचे १९५९ मध्ये सिद्ध झाले. दाटीवाटीच्या घरात राहणाऱ्यालाही मग बरे होण्याची वाट मोकळी झाली.

म्हणून शिबिरात फोटो काढून घ्या, भिऊ नका. पण पूर्वी क्षय झाला असेल तर ते आवर्जून सांगा. लहान मुलाचा फोटो डॉक्टरांनीच पाहावा, असा आग्रह धरा. यंत्राने 'निरोगी' म्हटले तरी खोकला थांबत नसेल, तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासून मागा. ही तपासणी आणि औषधे मोफत आहेत. १८००-११-६६६६ या मोफत क्रमांकावर चौकशी करता येते. आणि ग्रामसभेत एक प्रश्न जरूर विचारा: या यंत्राने आपल्या तालुक्यात किती रुग्ण पकडले आणि किती सोडले, याची मोजणी कोण ठेवतो?

यंत्र आपली छाती तपासणार असेल, तर त्या यंत्राची तपासणी मागण्याचा हक्क आपलाही आहे.