झटका बसला म्हणजे गिअरबॉक्स गेला?

ऑटोमॅटिक गाडी झटके देऊ लागली की अनेक गॅरेजांत तपासणीआधीच निकाल लागतो: 'गिअरबॉक्स गेला, उघडावा लागेल.' या घाईत मालकाचे हकनाक हजारो रुपये जातात, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

सगळ्या ऑटोमॅटिक सारख्या, हा पहिला गैरसमज. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ आली आणि स्वस्त ऑटोमॅटिक मध्यमवर्गाच्या दारात उभी राहिली. ती एएमटी. तिच्यात नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स असतो, क्लच मात्र पायाऐवजी यंत्र दाबतं. गिअर बदलताना ओढ क्षणभर तुटते आणि मान किंचित पुढे जाते. हा तिचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे. सीव्हीटी या दुसऱ्या प्रकारात ठरावीक गिअर नसतात, पट्टा आणि पुली असतात. ॲक्सिलरेटर जोरात दाबला की आधी इंजिनाचा आवाज चढतो, वेग मागून येतो. तेही सहसा क्लच घसरणं नसतं. टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे पारंपरिक ऑटोमॅटिक गाडीत मात्र गिअर पडल्यावरही आरपीएम भरकन चढले आणि वेग तिथेच राहिला, तर शंका खरी.

स्कॅनरवर 'पी०७००' दिसला की काहीजण थेट गिअरबॉक्स खोलायला घेतात. तो कोड फक्त एवढंच सांगतो की ट्रान्समिशनच्या कंट्रोलरमध्ये दोष नोंदला गेला आहे. खरा कोड त्या कंट्रोलरमधून वाचावा लागतो.

कित्येकदा दोष गिअरबॉक्सच्या बाहेरच सापडतो. डी किंवा आरमध्ये टाकताना 'धप्प' होतं ते झिजलेल्या इंजिन माउंटिंगमुळे, चढावर थरथर होते ती इंजिनाच्या मिसिंगमुळे. बॅटरी कमजोर असली तरी कंट्रोलर गोंधळतो.

गिअरबॉक्सच्या ऑईलबद्दल तर विचारूच नका. 'आयुष्यभर बदलायचं नाही' असं सांगितलं जातं. पण बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनीच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर, किंवा फार तर आठ वर्षांत ऑईल बदलायला सांगते. याच ऑईलच्या दाबावर आतले क्लच पकडतात आणि उष्णतेने ते खराब होतं. उलट गैरसमजही आहे: 'नवं ऑईल टाकलं आणि गिअरबॉक्स बसला.' बहुतेक वेळा क्लच आधीच झिजलेले असतात, मालक गाडी घसरू लागल्यावरच ऑईलकडे वळलेला असतो. सीव्हीटीत साधं एटीएफ, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिकचं ऑईल, ओतणं मात्र खरोखरच घातक. आणि गिअरबॉक्सचं ऑईल इंजिन ऑईलसारखं जळून कमी होत नाही. पातळी उतरली तर गळती शोधा, नुसती भर घालू नका. पातळी बघायची तीही कंपनीने सांगितलेल्या तापमानालाच, कारण तापलं की ऑईल फुगतं.

ऑईल काळं, करपल्या वासाचं, त्यात धातूचा कीस आणि गाडी घसरतेय, असं सगळं जुळलं तर गिअरबॉक्स उघडावाच लागतो. तेव्हा गाडी चालवत नेऊ नका आणि चाकांवर ओढूनही नेऊ नका. इंजिन बंद असताना बहुतेक गिअरबॉक्समधला ऑईल पंप फिरत नाही आणि आतले भाग कोरडे घासतात. फ्लॅटबेडच मागवा.