तिजोरी किती मिनिटांची?

अमेरिकेत 'अंडररायटर्स लॅबोरेटरीज' नावाची संस्था आहे. १८९४ मध्ये शिकागोत सुरू झालेली ही प्रयोगशाळा नाना प्रकारच्या वस्तू तपासते आणि उत्तीर्ण वस्तूंवर आपला शिक्का मारते. घरात बंदुका ठेवण्यासाठी जी पोलादी तिजोरी विकतात, तिची प्राथमिक चाचणी अशी असते : एक माणूस, त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर, तीन पौंडांपर्यंतचा हातोडा आणि अठरा इंचांपर्यंतची पहार. समोर बंद तिजोरी. घड्याळ सुरू होते. पाच मिनिटांत दार उघडले नाही, तर तिजोरी उत्तीर्ण.

हजार-दीड हजार डॉलर मोजून माणसाच्या उंचीची, भक्कम दिसणारी तिजोरी आणणाऱ्याला हा आकडा ऐकून धक्का बसतो. पण पाच मिनिटे अगदीच थोडी नाहीत. भुरटा चोर ग्राइंडर घेऊन येत नाही. मिळेल ते उचलून लवकर पळायचे बघतो. जवाहिऱ्यांच्या तिजोऱ्यांना लागणारा 'टीएल-१५' हा दर्जा याच्या पुष्कळ वरचा. तिथे तरबेज माणसे ड्रिल आणि ग्राइंडर घेऊन दारावर तुटून पडतात आणि हत्यार प्रत्यक्ष पोलादाला लागलेले असते तेवढाच वेळ धरला जातो. दम खायला थांबले की घड्याळही थांबते. अशी पंधरा मिनिटे टिकली तर 'टीएल-१५', तीस टिकली तर 'टीएल-३०'. 'कधीच न उघडणारी' असा दर्जा मात्र या यादीत नाही.

तिजोरी विकत घेणे म्हणजे वेळ विकत घेणे. दुकानदार पोलाद, रंग, कड्यांची संख्या दाखवतो. आपण विचारायचे ते इतकेच, की ही तिजोरी कोणाला किती वेळ रोखेल? चोराला काही मिनिटे रोखायचे असते, आगीला तासभर, घरातल्या मुलाला वर्षानुवर्षे. आणि मालकाला मात्र ती काही सेकंदांत उघडता यायला हवी. या मागण्या एकमेकींशी भांडतात, म्हणूनच निवड अवघड होते.

भारतात हा प्रश्न मोजक्या घरांपुरता आहे. इथे परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही आणि २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनपेक्षा अधिक बंदुका ठेवता येत नाहीत. अमेरिकेत दहापैकी साधारण चार प्रौढ माणसे बंदूक असलेल्या घरात राहतात. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया इथे आपली हजारो मराठी कुटुंबे नांदतात आणि त्यांची मुले शेजारच्या घरांत खेळायला जातात. त्या घरांतल्या तिजोरीशी आपला संबंध येतो तो असा.

आधी पोलाद पाहू. पत्र्याची जाडी 'गेज'मध्ये सांगतात आणि आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. १४ गेज म्हणजे सुमारे १.९ मिलिमीटर, १० गेज म्हणजे सुमारे ३.४ मिलिमीटर. फरक दीड मिलिमीटरचा. पण सपाट पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे १० गेजचा पत्रा १४ गेजच्या जवळजवळ सहापट ताठ निघतो. पहार घालणारा चोर पत्रा कापत नाही, दाराची चौकट वाकवतो. चौकट वाकली की दाराला चौदा कड्या असोत की चोवीस, त्या अडकायला काही उरत नाही. तेव्हा कड्या मोजत बसू नका, पत्र्याची जाडी विचारा. उत्तर मिलिमीटरमध्ये मिळाले नाही, तर पुढच्या दुकानात जा.

मग येते बसवणी, जिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. उभ्या तिजोरीच्या दाराच्या फटीत पहार घालायला अडचण होते. तीच तिजोरी पाठीवर आडवी पाडली की दोन माणसे अंगाचे सगळे वजन पहारीवर टाकू शकतात. म्हणून तळाच्या भोकांतून काँक्रीटमध्ये बोल्ट मारून ती जखडायची. तिजोरी तीन-चारशे किलोंची आहे, कोण उचलणार, या भरवशावर राहू नये. चोर उचलत नाही, लोटतो. छोटी पिस्तूल-पेटी तर तो सरळ काखोटीला मारून नेतो. शिवाय अमेरिकेतली बरीच घरे लाकडी सांगाड्याची असतात. तिथे राहत्या खोल्यांच्या जमिनीचा हिशेब दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलोंच्या भाराने केलेला असतो. अर्ध्या चौरस मीटरवर साडेतीनशे किलो उभे करायचे, तर जागा तळमजल्याची, काँक्रीटच्या फरशीवरची निवडावी. वरच्या मजल्यावरच ठेवायची झाली, तर आधी इंजिनिअरला विचारावे.

आगीची गोष्ट अधिक रंजक आहे. पोलाद उष्णता चटकन आत पोहोचवते, म्हणून नुसती पोलादी पेटी आगीत भट्टीच होते. आतल्या वस्तू वाचवतो तो पोलादाच्या मागे दडलेला जिप्समचा थर. आपल्या घरांच्या फॉल्स सीलिंगमध्ये असते तेच जिप्सम. त्याच्या स्फटिकांतच पाणी बांधलेले असते, वजनाच्या सुमारे २१ टक्के. म्हणजे शंभर किलो शुद्ध जिप्सममध्ये जवळपास एकवीस किलो पाणी, आणि तरीही हाताला ते कोरडे ठणठणीत लागते. तापमान शंभर अंशांच्या पुढे गेले की हे पाणी सुटून वाफ होऊ लागते. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते. तेच पाणी वीस अंशांवरून उकळीपर्यंत आणायला जी लागते तिच्या जवळजवळ सातपट. चुलीवरच्या भांड्यात पाणी आहे तोवर भांडे करपत नाही, पाणी आटले की करपते. तिजोरीतही तेच घडते. पाणी सुटत असेतोवर आतले तापमान रेंगाळते, संपले की भराभर चढते. दाराभोवतीची पट्टीही अशीच हुशार असते. उष्णतेने ती फुगते आणि फट बुजवून धूर व झळ बाहेरच रोखते.

इथे जाहिरातीतल्या आकड्यांपासून सावध राहावे. कागदपत्रांच्या उत्तम तिजोऱ्यांची चाचणी ठरावीक भट्टीत होते. तिचे तापमान पाच मिनिटांत सुमारे ५४० अंश सेल्सिअसवर आणि तासाभरात सुमारे ९२५ अंशांवर जाते. त्या तासात आतले तापमान १७७ अंशांच्या वर जाता कामा नये, कारण त्यापुढे कागद करपायला लागतो. काही प्रकारांत तर तापलेली तिजोरी तीस फुटांवरून ढिगाऱ्यावर टाकतात आणि पुन्हा भट्टीत घालतात. घर जळताना मजला कोसळला तर काय, याची ती तालीम असते. बंदुकांच्या बहुतेक तिजोऱ्यांना ही चाचणी सक्तीची नाही. कंपन्या आपापली भट्टी, आपापले तापमान ठरवतात. '१,२०० अंश, साठ मिनिटे' असे ठळक छापलेले असते. ते अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ६५० सेल्सिअस. दोन कंपन्यांच्या 'साठ मिनिटांची' तुलना त्यामुळे होऊच शकत नाही. चाचणी बाहेरच्या स्वतंत्र प्रयोगशाळेने केली का, हे विचारणे एवढाच उपाय.

जिप्सममधून सुटलेली वाफ काही प्रमाणात आतही येते आणि बंदुकांवर गंज चढवते. आगीनंतर तिजोरी पुरती थंड झाली की आतल्या वस्तू लगेच काढून पुसायला हव्यात. आग नसतानाही दमट हवा हा पोलादाचा शत्रूच. तिजोरीतली सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवतात. त्यासाठी सिलिका जेलचे डबे किंवा तळाशी विजेवर कोमट राहणारी दांडी वापरतात; हवा थोडी तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते आणि पाणी पोलादावर साचत नाही. चामड्याच्या म्यानात बंदूक ठेवून देणे टाळावे, चामडे ओल धरून बसते.

आता कुलूप. आकड्यांच्या चकतीचे यांत्रिक कुलूप दशकानुदशके चालते, त्याला बॅटरी लागत नाही. तीन चाके आणि शंभर आकडे, म्हणजे कागदावर दहा लाख जुळण्या. मात्र ते उघडायला अर्धे मिनिट जाते आणि अंधारात, घाबरलेल्या हाताने त्याहून जास्त. बटणांचे इलेक्ट्रॉनिक कुलूप चार-पाच सेकंदांत उघडते. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या तिजोरी कंपनीने झडतीचे वॉरंट पाहून एका ग्राहकाच्या तिजोरीचा संकेतांक तपास यंत्रणेला दिला, तेव्हा अनेक ग्राहकांना प्रथमच कळले की असा अंक कंपनीकडेही जपलेला असतो. वॉरंट कायदेशीर होते. पण आपल्या तिजोरीची दुसरी किल्ली कोणाकडे आहे, हे घेतानाच विचारून ठेवणे शहाणपणाचे.

बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या छोट्या पेट्यांविषयी मला जास्त काळजी वाटते, कारण त्या नेमक्या लहान मुलांच्या घरात, पलंगाशेजारी असतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेत अशा सुमारे ६१ हजार पेट्या बाजारातून परत मागवाव्या लागल्या. दोष साधा आणि भयंकर होता. पेटी कारखान्यातून येताना कोणत्याही बोटाने उघडेल अशा स्थितीत असे. मालकाला वाटे, आपला ठसा नोंदवला गेला. तो बोट लावून बघे आणि पेटी उघडे. प्रत्यक्षात ती कोणाच्याही बोटाने उघडत राही. परत मागवण्याच्या निवेदनात एका बारा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूची नोंद आहे. अशी पेटी घेतली, तर स्वतःचे बोट लावून समाधान मानू नका. घरातल्या प्रत्येकाचे बोट लावून ती उघडत नाही ना, हे पाहा.

काही स्वस्त पेट्यांचा दोष याहून जुना. त्यांत कडी अडवून धरणारी बारीक खिळी कमजोर स्प्रिंगवर टेकलेली असते. पेटीला हिसका बसला की जडत्वामुळे ती खिळी क्षणभर जागची हलते. कुलूपतज्ज्ञ मार्क वेबर टोबायस यांनी २०१२ मध्ये अशा पेट्या लहान मुलालाही उघडता येतात, हे जाहीरपणे दाखवून दिले. स्वतंत्र प्रयोगशाळेचा शिक्का नसलेली पेटी म्हणूनच घरी आणू नये, मग ती कितीही चकचकीत असो.

'आमच्या मुलाला बंदूक कुठे आहे ते माहीतच नाही,' असे म्हणणाऱ्या पालकांसाठी दोन अभ्यास पुरेत. २००१ मध्ये 'पेडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात छापलेल्या प्रयोगात आठ ते बारा वर्षांच्या ६४ मुलांना छोट्या गटांत एका खोलीत सोडले. तिथल्या खणात खरे पण निकामी केलेले पिस्तूल ठेवले होते. २९ पैकी २१ गटांना ते सापडले, १६ गटांनी ते हाताळले आणि १० गटांत कोणी ना कोणी चाप ओढला. २००६ च्या दुसऱ्या अभ्यासात, मुलाला जागा ठाऊक नाही असे सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्क्यांच्या मुलांनी ती जागा माहीत असल्याचे सांगितले. लपवणे म्हणजे साठवण नव्हे. जन्मतारखेचा संकेतांक आणि उशीखाली ठेवलेली जादा किल्ली हीही लपवणेच.

शेवटचा धोका कोणत्याही पोलादी चाचणीत मोजला जात नाही, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा आहे. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. आत्मघाताची तीव्र लहर पुष्कळदा थोड्या वेळाची असते; ती ओसरेपर्यंत शस्त्र हाती लागले नाही, तर माणूस वाचतो आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे जगतात. इस्रायलच्या सैन्याने २००६ मध्ये तरुण सैनिकांना सुटीला घरी जाताना शस्त्र छावणीतच ठेवायला लावले. त्यानंतर आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी उतरले आणि ही घट मुख्यतः सुटीच्या दिवसांतली होती. अमेरिकेतल्या २००५ च्या एका अभ्यासातही चार सवयी मुलांना वाचवणाऱ्या दिसल्या : बंदूक कुलूपबंद ठेवणे, रिकामी ठेवणे, काडतुसे कुलूपबंद ठेवणे आणि ती बंदुकीपासून वेगळी ठेवणे. म्हणून काडतुसांसाठी वेगळी पेटी हवी. आणि घरात कोणी खचलेले असेल, तर संकेतांक बदलावा किंवा काही काळ शस्त्र घराबाहेर सुरक्षित ठेवावे.

अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ पालकांना एक प्रश्न विचारायला सांगतात आणि त्याची आठवण म्हणून तिथे २१ जून हा दिवसही पाळला जातो. मूल कोणाच्या घरी खेळायला जाणार असेल, तर आधी विचारायचे : 'तुमच्याकडे कुलूपबंद नसलेली बंदूक आहे का?' घरात कुत्रा आहे का, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, हे आपण सांगतो-विचारतो. हाही प्रश्न त्याच ओघात विचारता येतो आणि तिकडे त्याचा राग सहसा कोणी मानत नाही. तुमची लेक, भाऊ किंवा भाचा तिकडे राहत असेल, तर पुढच्या फोनवर त्यांना हा प्रश्न सांगा.