साखरेचा मोतीबिंदू आणि ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल

“डॉक्टर, शुगर आहे. मोतीबिंदू होऊ नये म्हणून व्हिटॅमिन ई सुरू केलं तर चालेल ना?” सांगलीतल्या माझ्या ओपीडीत हा प्रश्न वरचेवर येतो. तो भाबडा नाही. त्यामागे खरं विज्ञान आहे, म्हणून त्याचं उत्तरही नीट द्यायला हवं.

बाहुलीमागच्या नैसर्गिक भिंगात रक्तवाहिन्या नसतात. भोवतीच्या द्रवातूनच त्याचं पोषण होतं. रक्तातली साखर वाढली की या द्रवातली वाढते आणि थेट भिंगात शिरते. तिला तिथे इन्शुलिनची परवानगी लागत नाही. आत अल्डोज रिडक्टेज नावाचं विकर तिचं सॉर्बिटॉल बनवतं. सॉर्बिटॉल पेशीबाहेर सहजी पडत नाही, उलट पाणी ओढून घेतं. तासगावचे बेदाणे पाण्यात फुगावेत तसे भिंगाचे तंतू फुगतात. शुगर वरखाली झाली की चष्म्याचा नंबर बदलतो, तो बहुधा यामुळेच. टाइप वन मधुमेहाच्या एखाद्या तरुण रुग्णात तर स्लिट लॅम्पखाली भिंगाच्या आवरणालगत पांढरे ठिपके विखुरलेले दिसतात, आणि थोड्याच काळात सगळं भिंग दुधाळ होऊन जातं.

सॉर्बिटॉल बनताना एनएडीपीएच हा रेणू खर्ची पडतो. भिंगाचा मुख्य रक्षक ग्लुटाथायोन, आणि त्याला पुन्हा कामावर उभं करायलाही हाच रेणू लागतो. तो अपुरा पडला की ऑक्सिडीकरण बळावतं. भिंगातली प्रथिनं जन्मभर तीच राहतात, बदलली जात नाहीत. ती बिघडून एकमेकांना चिकटली की भिंग गढुळतं.

इथे ई जीवनसत्त्वाची आठवण येणं साहजिक आहे. हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांनी 1922 मध्ये कॅलिफोर्नियात त्याचा शोध लावला. हा एक पदार्थ नसून आठ संयुगांचं कुटुंब आहे: चार टोकोफेरॉल आणि चार टोकोट्रायनॉल. ती स्निग्धात विरघळतात, त्यामुळे पेशीच्या आवरणातच मुक्काम करून तिथली ऑक्सिडीकरणाची साखळी तोडतात. मधुमेह केलेल्या रॅट जातीच्या उंदरांना ई दिलं तेव्हा मोतीबिंदू उशिरा आला, असं प्रयोगांत दिसलं आहे.

मग माणसाला का नाही? रॅटच्या भिंगात अल्डोज रिडक्टेज भरपूर असतं, म्हणून काही आठवड्यांतच मोतीबिंदू होतो. त्याच्याच चुलत घराण्यातल्या छोट्या माऊसच्या भिंगात हे विकर फारच कमी, म्हणून साखर वाढूनही त्याला तसा मोतीबिंदू सहसा होत नाही. माणसाच्या भिंगातही ते रॅटपेक्षा बरंच कमी असतं, आणि आपला मोतीबिंदू वर्षानुवर्षं साचत जातो.

माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांनी निराशाच केली. अमेरिकेतल्या एआरईडीएस या अभ्यासाचा निकाल 2001 मध्ये आला: सी, ई आणि बीटा कॅरोटीन वर्षानुवर्षं घेऊनही मोतीबिंदूत फरक नाही. दक्षिण भारतातल्या गावांत सुमारे 800 जणांना पाच वर्षं जीवनसत्त्वं दिली. 2006 मधला तो निकालही तसाच. या चाचण्या फक्त मधुमेहींच्या नव्हत्या, हे खरं. पण कॅप्सूलवर भरवसा ठेवावा असा पुरावा त्यांतून हाती लागत नाही. शिवाय मोठ्या मात्रेत ई निर्धोक नाही. ‘सिलेक्ट’ चाचणीत रोज 400 युनिट घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग 17 टक्के अधिक आढळला. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रक्तस्रावाचा धोकाही वाढतो.

मागे एक ताई औषधांची पिशवी घेऊन आल्या. ई कॅप्सूलची पाकिटं रिकामी झालेली, मेटफॉर्मिनची पट्टी मात्र जवळजवळ तशीच. “ती शुगरची गोळी, ही डोळ्यांची,” त्या म्हणाल्या. मी त्यांना मेटफॉर्मिनची पट्टी हातात देऊन सांगितलं, “ताई, डोळ्यांची गोळी हीच.” ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस अभ्यासात तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीए वन सीचा, आकडा एका टक्क्याने कमी असलेल्यांत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया 19 टक्क्यांनी कमी आढळल्या. एवढं बळ मला आजवर कुठल्याही जीवनसत्त्वाच्या चाचणीत दिसलेलं नाही.

ई आहारातून जरूर घ्या: शेंगदाणे, बदाम, करडईचं किंवा सूर्यफुलाचं तेल, अर्थात बेताने. तंबाखू सोडा. स्टेरॉइडचे थेंब स्वतःच्या मनाने घालू नका. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा तपासून घ्या, कारण मोतीबिंदूच्या आडून मधुमेह पडदाही पोखरत असतो आणि भिंग फार गढूळ झालं की आम्हाला तो दिसत नाही. म्हणून मोतीबिंदू ‘पिकायची’ वाट पाहू नका. साखर आटोक्यात आणून वेळेवर शस्त्रक्रिया केली आणि पडदा शाबूत असला, तर नजर चांगली परत येते. कॅप्सूलवर खर्च करायचे पैसे आधी एचबीए वन सीच्या तपासणीवर खर्च करा.